चतुराचे खरे पंख : साडेचारशे वर्षांपूर्वीची किड्यांची चित्रं

  हातात चहाचा कप असेल तर उत्तमच. विषय मात्र चहाबरोबर ऐकायला जरा विचित्र वाटेल. आज आपण किड्यांबद्दल बोलणार आहोत. म्हणजे किडे, आणि ते मन लावून रंगवणारा एक माणूस.

आपल्यापैकी जे वॉशिंग्टन, मेरीलँड, व्हर्जिनिया या भागात राहतात, त्यांना २०२१ चा मे-जून आठवत असेल. सतरा वर्षं जमिनीखाली काढून सिकाडा बाहेर आले होते. झाडांवर, कुंपणांवर, गाडीच्या काचेवर, जिकडे पाहावं तिकडे तेच. लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख, आणि दिवसभर तो आवाज. काही घरांत दारंखिडक्या घट्ट लावून घेतल्या गेल्या. काही घरांतली मुलं मात्र झाडाला चिकटलेली टरफलं गोळा करून डब्यात भरत होती. किडा दिसला की माणसांचे असे दोनच प्रकार होतात: एक चप्पल शोधणारा आणि दुसरा वाकून बघणारा.

आज ज्याची गोष्ट सांगणार आहे तो दुसऱ्या प्रकारातला. त्याचं नाव योरिस हूफनागेल. जन्म १५४२, गाव अँटवर्प, म्हणजे आजच्या बेल्जियममधलं. मृत्यू १६०० च्या सुमारास. त्यानं किड्यांची जी चित्रं काढली, ती आज आपल्या अगदी जवळ आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये.

(संगीत)

आधी त्या काळात किड्यांची किंमत काय होती ते पाहू. किंमत काहीच नव्हती! हत्ती, सिंह, गरुड हे राजेशाही प्राणी. त्यांची चित्रं राजवाड्यात, झेंड्यांवर, राजमुद्रांवर. किडा मात्र घाणीतून जन्मणारा. हे मी शब्दशः सांगते आहे. चिखलातून, शेणातून, सडलेल्या मांसातून किडे आपोआप तयार होतात, असं ॲरिस्टॉटलच्या काळापासून मानलं जात होतं. ही समजूत चुकीची आहे हे इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदी यानं प्रयोग करून दाखवलं ते १६६८ मध्ये. त्यानं काही बरण्यांमध्ये मांस उघडं ठेवलं, काहींवर कापड बांधलं. उघड्या मांसावर अळ्या झाल्या, झाकलेल्या मांसावर झाल्या नाहीत. कारण माश्यांना तिथं अंडी घालता आली नाहीत. म्हणजे हूफनागेल मरून कितीतरी वर्षं झाल्यावर ही गोष्ट कळली.

पण त्याच ॲरिस्टॉटलनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. तुच्छ वाटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करताना नाक मुरडू नका, निसर्गातल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी अद्भुत असतंच. रोमन लेखक प्लिनी यानंही म्हटलं होतं की निसर्गाची कारागिरी सर्वात पूर्ण दिसते ती सर्वात लहान जिवांत. एका डासाएवढ्या देहात डोळे, सोंड, पाय, पंख, सगळं बसवायचं म्हणजे सोपं काम नव्हे. पंधराव्या-सोळाव्या शतकात, म्हणजे ज्याला आपण युरोपचं प्रबोधन किंवा रेनेसान्स म्हणतो त्या काळात, या जुन्या पोथ्या पुन्हा वाचल्या गेल्या आणि हे विचार पुन्हा हवेत आले.

चित्रकारही तोवर किड्यांकडे वळले होते. आजच्या बेल्जियममधल्या गेंट आणि ब्रूज या शहरांत पंधराव्या शतकाच्या अखेरीला प्रार्थनेची सुंदर पुस्तकं हातानं तयार होत. मधे मजकूर, आणि चारी बाजूंच्या सोनेरी पट्टीवर फुलं, फुलपाखरं, माश्या. गंमत अशी, की प्रत्येक माशीखाली बारीकशी सावली रंगवलेली. पान उघडलं की माशी खरीच येऊन बसली आहे असं वाटावं आणि हात हलवून तिला हाकलावंसं वाटावं. मग १५०५ मध्ये जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूररनं एका मोठ्या भुंगेऱ्याचं चित्र काढलं. हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेला भुंगेरा, डोकं वर उचललेलं, खाली सावली. कागदावर दुसरं काही नाही. किडा हा चित्राच्या कडेचा साज राहिला नाही, तोच चित्राचा विषय झाला. हे चित्र आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.

(संगीत)

आता आपल्या माणसाकडे येऊ. हूफनागेल चित्रकाराच्या घरात जन्मला नव्हता. घराणं व्यापाऱ्याचं, हिरे-माणकं आणि किमती वस्तूंचा व्यवहार करणारं. तरुणपणी तो व्यापारासाठी फ्रान्स, स्पेन, इंग्लंड असा फिरला आणि जाईल तिथली शहरं चितारत राहिला. कोणा मोठ्या गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारी केलेला हा माणूस नव्हे. निसर्ग हीच माझी एकमेव गुरू, असं तो स्वतःबद्दल लिहायचा. त्याच्या आडनावाचीही एक गंमत आहे. ‘हूफनागेल’ म्हणजे घोड्याच्या नालेला ठोकायचा खिळा. म्हणून तो सही करताना कधीकधी अक्षरांबरोबर एक छोटासा खिळाच काढायचा!

नोव्हेंबर १५७६ मध्ये त्याचं आयुष्य पालटलं. नेदरलँड्सवर तेव्हा स्पेनच्या राजाची सत्ता होती, आणि धर्मावरून, करांवरून बंड पेटलं होतं. स्पॅनिश सैन्याला कित्येक महिने पगार मिळाला नव्हता. ते सैन्य उलटलं आणि अँटवर्पमध्ये घुसलं. युरोपातलं एक सर्वात श्रीमंत बंदर काही दिवसांत लुटलं गेलं, जाळलं गेलं, हजारो माणसं मारली गेली. हूफनागेल घराण्याची संपत्ती त्यात गेली. दुसऱ्या वर्षी योरिसनं गाव सोडलं. वय पस्तीस. बरोबर होता त्याचा मित्र, नकाशांचा सुप्रसिद्ध कर्ता अब्राहम ओर्टेलियस.

वाटेत म्युनिकला काय घडलं, ते कारेल फान मांडर या चरित्रकारानं १६०४ मध्ये छापलेल्या पुस्तकात सांगितलं आहे. हे दोघे बव्हेरियाच्या ड्यूककडे त्याचा संग्रह पाहायला गेले. ड्यूकनं हूफनागेलची एकदोन छोटी चित्रं पाहिली. एकात झाडं होती आणि लहानलहान प्राणी. ड्यूकला ते इतकं आवडलं की त्यानं किंमत विचारली. हूफनागेल गप्प. स्वतःला तो चित्रकार समजतच नव्हता, मग किंमत काय सांगणार? शेवटी ओर्टेलियसनंच मित्रासाठी सोन्याची शंभर नाणी मागितली. ड्यूकनं ती दिली, आणि वर दरबारात ये म्हणून निमंत्रणही दिलं. घरदार गेलेल्या व्यापाऱ्याला अशी वयाच्या पस्तिशीनंतर चित्रकाराची नोकरी मिळाली. पुढे तो सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या सेवेत गेला.

परदेशात येऊन नव्यानं सुरुवात करणं म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की आपण बहुतेक जण आपल्या इच्छेनं आलो, त्याच्यावर ती वेळ आली होती.

(संगीत)

या सगळ्या धामधुमीत त्यानं एक मोठं काम हाती घेतलं होतं, आणि ते तो कित्येक वर्षं करत राहिला. त्याला ‘चार महाभूतं’ म्हणतात. चार ग्रंथ, मिळून पावणेतीनशेच्या आसपास चित्रं. आपल्याकडे पंचमहाभूतं, युरोपात चार: पृथ्वी, आप, तेज, वायू. पृथ्वीच्या ग्रंथात चौपाये आणि सरपटणारे प्राणी. पाण्याच्या ग्रंथात मासे आणि शिंपले. वायूच्या ग्रंथात मुख्यतः पक्षी. आणि तेजाच्या, म्हणजे अग्नीच्या ग्रंथात? तिथं त्यानं घातले किडे.

किडे आगीत का, यावर अभ्यासकांनी बरेच तर्क केले आहेत. पण किड्यांना मिळालेली जागा पाहा. जे घाणीतले म्हणून हिणवले जात, त्यांना त्यानं तेजाचा स्वतंत्र ग्रंथ दिला. आणि त्या ग्रंथाच्या आरंभी कोण आहे? माणूस. लॅटिन शीर्षकाचा अर्थच आहे ‘विचार करणारे प्राणी आणि कीटक’. पहिल्या चित्रात टेनेरिफ बेटावरचा पेद्रो गोन्झालेस आणि त्याची बायको आहेत. पेद्रोच्या सगळ्या चेहऱ्यावर दाट केस होते, एका दुर्मीळ जन्मजात कारणामुळे. फ्रान्सच्या राजाच्या दरबारात तो वाढला, शिकला, पण आयुष्यभर लोकांनी त्याच्याकडे नवल म्हणूनच पाहिलं. हूफनागेलनं त्याला विचार करणारा प्राणी म्हणून पुस्तकात मानानं बसवलं खरं, पण बसवलं ते किड्यांच्या शेजारी, निसर्गाचा चमत्कार म्हणून. आज ते पान पाहताना अवघडल्यासारखं होतं. ज्या कुतूहलानं किड्याला मोठं केलं, त्याच कुतूहलानं एका माणसाला प्रदर्शनातली वस्तूही केलं. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत.

पुढे उलटत गेलं की येतात भुंगेरे, फुलपाखरं, पतंग, सुरवंट, माश्या, गांधीलमाश्या, नाकतोडे, चतुर. कोळीही आहेत, कारण तेव्हा ‘कीटक’ या शब्दात तेही धरले जात. पानाचा आकार साधारण साडेपाच इंच बाय सव्वासात इंच, म्हणजे आपण इथं ‘फाइव्ह बाय सेव्हन’ फोटो छापून घेतो जवळजवळ तेवढाच. सोन्याच्या बारीक रेषेची लंबगोल चौकट, आत पांढरी जागा, त्यावर किडे. ना झाड, ना आकाश. फक्त प्रत्येकाखाली त्याची स्वतःची सावली.

हे काढायचं कसं? कागदावर नाही, चर्मपत्रावर. वासराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून, खरवडून इतकं गुळगुळीत करत की रंग पसरतच नसे. रंग कुटून, घोटून डिंकाच्या पाण्यात कालवायचे. ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचे. आपल्याकडचे राजस्थानी आणि मुघल चित्रकारही हेच वापरत. सोनं लावायचं तर सोन्याची पूड डिंकात कालवून शिंपल्यात ठेवायची. त्यामुळे त्याला इंग्रजीत आजही शिंपल्याचं सोनंच म्हणतात. मग आधी हलका रंग, त्यावर ब्रशच्या टोकानं ठिपके आणि केसाएवढ्या रेषा. भुंगेऱ्याच्या पाठीवरची चमक म्हणजे पांढऱ्याचा एकच ठिपका, पण तो नेमक्या जागी पडायला हवा.

(संगीत)

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ही नुसती सुंदर चित्रं, की याला निसर्गाचा अभ्यास म्हणायचं?

एक गोष्ट ध्यानात घ्या. सिंहाचं चित्र काढायला हूफनागेलला सिंह पाहावा लागत नव्हता. झुरिकच्या कोनराड गेस्नरनं १५५१ पासून प्राण्यांचे जाडजूड सचित्र ग्रंथ छापले होते. त्यातून चित्र उचलता येत असे, आणि मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत हूफनागेलनं इतरांच्या चित्रांचा भरपूर आधार घेतलाही. पण गेस्नर किड्यांपर्यंत पोहोचण्याआधीच १५६५ मध्ये वारला. फक्त किड्यांना वाहिलेला पहिला मोठा छापील ग्रंथ बोलोन्याच्या आल्द्रोवांदीनं काढला, तो १६०२ मध्ये. इंग्लंडमधल्या टॉमस मफेटचा ग्रंथ तर १६३४ मध्ये निघाला. म्हणजे हूफनागेल चित्रं काढत होता तेव्हा समोर ठेवायला पुस्तकच नव्हतं. ड्यूररच्या भुंगेऱ्यासारखं एखादं चित्र होतं, ते त्यानं आदरानं उतरवून घेतलंही. बाकीच्यांसाठी एकच उपाय होता: किडा हातात घ्यायचा आणि बघायचं.

आणि त्यानं काय बघितलं! पाय किती, ते कुठून फुटतात, पाठीवरच्या कवचाखाली पंख कसे दुमडलेले असतात, मिशा जाड की झुपकेदार. त्यामुळे त्यातले कितीतरी किडे आजचे कीटकतज्ज्ञ जातीपर्यंत ओळखू शकतात. सूक्ष्मदर्शक वापरून काढलेली मधमाश्यांची पहिली प्रसिद्ध चित्रं आली १६२५ मध्ये, रॉबर्ट हूकचं ‘मायक्रोग्राफिया’ आलं १६६५ मध्ये. हा माणूस त्याच्या कितीतरी आधीचा.

आता मला सर्वात आवडणाऱ्या पानाबद्दल सांगते. या पानावर चतुर आहेत. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी शेतावर, तळ्यावर घिरट्या घालणारे तेच चतुर. लहानपणी कितीतरी जणांनी त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचा उद्योग केला असेल. या चतुरांची शरीरं हूफनागेलनं रंगवली. पण पंखांपाशी आल्यावर त्यानं खऱ्या चतुराचे खरे पंख घेतले आणि पानावर चिकटवले.

का केलं असेल? एखाद्याला वाटेल, कंटाळा केला. मला तसं वाटत नाही. चतुर मेला की त्याच्या शरीराचे रंग काही दिवसांत उडतात. निळा, हिरवा, लाल, सगळं जाऊन मळकट तपकिरी उरतं. आजही संग्रहालयात टाचणीला लावलेले चतुर पाहिले तर हेच दिसतं. पंखांचं मात्र उलट. ते मुळातच कोरडे, काचेसारखे पारदर्शक, शेकडो बारीक घरांची जाळी असलेले. ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. म्हणजे शरीराचा रंग फक्त चित्रच टिकवू शकतं, आणि पंखाचा पारदर्शकपणा टिकवण्यात रंग कमी पडतो. जे चित्राला जमतं ते त्यानं चित्राला दिलं, आणि जे जमत नाही ते निसर्गाकडून घेतलं. निसर्गाला गुरू म्हणणाऱ्यानं गुरूलाच आपल्या पानावर जागा दिली.

भारतातही किड्यांचे पंख चित्रात वापरले गेले आहेत. जम्मूजवळच्या बसोहली इथं सतराव्या शतकात जी सुंदर चित्रं झाली, त्यांत देवीच्या दागिन्यांतले पाचू दाखवायला भुंगेऱ्याच्या हिरव्या चमकत्या कवचाचे तुकडे लावत. आपल्याकडे पोरं ज्याला काडेपेटीत पाळतात, त्या सोनकिड्यासारखं कवच. पण तिथं किडा पाचूचं सोंग घेतो. हूफनागेलच्या पानावर पंख कशाचंच सोंग घेत नाही. चतुराचा पंख चतुराच्या पंखाच्याच जागी आहे. शोभा आणि अभ्यास यांतला फरक मला या दोन चित्रांतून नीट कळतो. दोन्ही मनोहर आहेत, पण हेतू वेगळे आहेत.

अँटवर्प आणि आपला मुलूख यांच्यात त्याच काळात एक खरा धागाही होता. १५७९ च्या अखेरीला गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराच्या भेटीला निघाले, आणि १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अकबराला एक आठ खंडांचं बायबल भेट दिलं. ते छापलं होतं हूफनागेलच्याच अँटवर्पमध्ये, क्रिस्तोफ प्लांतँ याच्या छापखान्यात. त्यातली चित्रं अकबराच्या चित्रकारांनी बारकाईनं पाहिली, उतरवली. पुढे जहांगीरच्या दरबारात मन्सूर नावाच्या चित्रकारानं पक्षी, प्राणी, काश्मीरची फुलं समोर ठेवून रंगवली. मन्सूरनं हूफनागेलची चित्रं पाहिली असं कोणी म्हणू नये. तसा पुरावा नाही. पण एकाच शतकाच्या आगेमागे, दोन लांबच्या दरबारांत, दोन चित्रकार खारीच्या केसांचा ब्रश घेऊन एकच काम करत होते: जसं दिसतं तसं.

(संगीत)

हूफनागेलच्या अभ्यासाला मर्यादाही होत्या. किडा काय खातो, कुठे राहतो, अळीचं फुलपाखरू कसं होतं, हे सांगणं हा त्याच्या ग्रंथाचा उद्देश नाही. चित्रांसोबत आहेत ती लॅटिन सुभाषितं, बायबलमधली वचनं आणि म्हणी. विद्वान एरॅस्मसनं जमवलेल्या म्हणी त्याला फार प्रिय. भुंगेरा आणि गरुड यांच्यावर एरॅस्मसनं १५१५ मध्ये एक मोठा निबंधच लिहिला होता. त्यामागची इसापाची गोष्ट अशी: ससा भुंगेऱ्याला शरण येतो, गरुड भुंगेऱ्याला न जुमानता सशाला मारतो. मग भुंगेरा गरुडाच्या घरट्यात चढून त्याची अंडी खाली लोटतो, पुन्हा पुन्हा. गरुड शेवटी अंडी थेट देवराज झ्यूसच्या मांडीवर ठेवतो, तर भुंगेरा तिथंही पोहोचतो आणि झ्यूस दचकून उठतो, अंडी फुटतात. एरॅस्मसच्या निबंधात गरुड म्हणजे जुलमी राजा. स्पेनच्या राजघराण्याच्या चिन्हावरही गरुडच होता. ज्याचं शहर त्या राजाच्या सैन्यानं लुटलं, त्यानं इतक्या प्रेमानं भुंगेरा का रंगवला, याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. नियतीचा खेळ असा, की शेवटी त्याला पोसलं तेही त्याच राजघराण्यातल्या सम्राटानं.

ग्रंथ दरबारात बंद राहिले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण १५९२ मध्ये फ्रँकफर्टला त्याच्या मुलानं, याकोबनं, वडिलांच्या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली चित्रं छापून पुस्तक काढलं. याकोब तेव्हा विशीतही पोहोचला नव्हता. राजाच्या कपाटातले किडे असे बाजारात आले. ते पाहून युरोपभरच्या चित्रकारांनी हात घडवला. याच फ्रँकफर्टमध्ये १६४७ मध्ये मारिया सिबिला मेरियन जन्मली. चित्रकारांच्या घरात वाढली, तेरा वर्षांची असताना रेशमाचे किडे पाळून त्यांची नोंद ठेवू लागली. पुढे थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, आणि १७०५ मध्ये तिनं अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि त्याचं खाद्यझाड एकाच पानावर दाखवणारा ग्रंथ काढला. हूफनागेलनं किडा कसा दिसतो ते दाखवलं होतं, मेरियननं तो कसा जगतो ते दाखवलं. पण कसा दिसतो हे पाहणारं आधी कोणीतरी हवंच होतं.

आज हे सगळं का सांगायचं? २०१७ मध्ये जर्मनीतल्या संरक्षित जागांमधला एक अभ्यास जाहीर झाला. तिथं सत्तावीस वर्षांत उडणाऱ्या किड्यांचं एकूण वजन पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक घटलं होतं. ज्या देशाच्या म्युनिक-फ्रँकफर्टमध्ये हूफनागेल पितापुत्र काम करत होते, त्याच देशातली ही गोष्ट. जे आपण कधी नीट पाहिलंच नाही, ते नाहीसं झालं तरी आपल्याला कळत नाही. म्हणून मला हूफनागेलची चित्रं महत्त्वाची वाटतात. त्यांनी किड्याला ‘पाहण्याजोगा’ ठरवलं.

ही चित्रं पाहायची असतील तर सोपं आहे. ‘चार महाभूतं’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे १९८७ पासून आहेत. २०२५ मध्ये तिथं ‘लिटल बीस्ट्स’ नावाचं प्रदर्शनही झालं होतं, स्मिथसोनियनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या सहकार्यानं. प्रकाशानं रंग फिके पडतात, म्हणून ही पानं कायम मांडून ठेवत नाहीत. पण गॅलरीच्या संकेतस्थळावर ती मोठी करून फुकट पाहता येतात. कॅलिफोर्नियातल्या श्रोत्यांसाठी गेटी संग्रहालय आहेच. तिथं सुंदर हस्ताक्षराच्या नमुन्यांचं एक पुस्तक आहे. ते १५६१-६२ मध्ये गेओर्ग बोच्काय यानं लिहिलं, आणि तो वारल्यावर कितीतरी वर्षांनी हूफनागेलनं त्याच्या पानापानावर फुलं, फळं, किडे रंगवले. एका पानावर फुलाचा देठ पानाला चीर पाडून आत खोचल्यासारखा दिसतो. पान उलटलं, तर मागच्या बाजूला तो देठ बाहेर आलेला! दोन्हीकडे नुसता रंग, चीर कुठेच नाही.

आणि जाता जाता मराठी शाळेतल्या बालदोस्तांसाठी एक गृहपाठ. आईबाबांनीही केला तर हरकत नाही. ‘फाइव्ह बाय सेव्हन’ आकाराचा एक पांढरा कागद घ्या. खिडकीत, अंगणात, दिव्याखाली एखादा किडा शोधा. मारायचा नाही, पकडायचाही नाही. दहा मिनिटं फक्त बघा. पाय मोजा, पंख मोजा, मिशा बघा. मग काढा. चित्र झालं की शेवटी त्याच्याखाली सावली काढायला विसरू नका, म्हणजे तो कागदावर येऊन बसेल. आणि त्याचं मराठी नाव आजीआजोबांना फोन करून विचारा. चतुर, टाचणी, नाकतोडा, ढालकिडा, गांधीलमाशी, सोनकिडा, ही नावं त्यांच्याकडे नक्की मिळतील, आणि एखाददुसरं असंही मिळेल जे आपल्या कुणालाच ठाऊक नाही.